वाढदिवस गुडघ्याएवढ्या माणसाचा

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला 'कौटुंबिक आर्थिक नियोजन' हा विषय दिला. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला दुसरं काय देणार! पण मी तो जरा खाली आणलाय, दोन वर्षांच्या बाळाच्या वाढदिवसापर्यंत. हसू नका. आपल्याकडच्या एका जोडप्याने मुलीला शेजारच्या वाढदिवसांना पाठवणं बंद केलं. विचारलं तर म्हणाले, "काका, गेलं की बोलवावं लागतं, आणि बोलवायचं म्हणजे तीस-चाळीस हजार." एकाच जिन्यावरची मुलं खर्चापायी एकमेकांकडे जात नाहीत, हे काही मला पटत नाही.

तर आधी वेळ. रात्री आठची पार्टी ही मोठ्यांची. बाळ तेव्हा पेंगुळलेलं असतं. त्यात लाइट घालवायचे आणि पन्नास माणसांनी एकदम गाणं म्हणायचं! ते भोकाड पसरणार नाही तर काय करेल? त्याची दुपारची झोप झाल्यावर पाच ते साडेसहा, पुरे. या वयाची मुलं एकत्र खेळतच नाहीत, शेजारी बसून आपापलं खेळतात. त्यामुळे जादूगार, अँकर, स्पर्धा यांची गरज नाही. चार-पाच मुलं, सतरंजी, मोठी खोकी, दोन चेंडू आणि घरातली पातेली-डाव. आवाजाची तयारी मात्र ठेवा.

खाण्याचं मात्र नीट ऐका. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या या मुलांच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. फुग्यांचंही तेच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात गेला तर श्वास कोंडतो, म्हणून फुगे उंच बांधा आणि फुटले की तुकडे लगेच उचला. पाहुण्यांत वर्षाच्या आतलं बाळ असेल तर कौतुकाने मधाचं बोट चाटवू नका. मऊ इडली, शिरा, केळं एवढं मुलांना, आणि आपल्याला बटाटेवडे. केकला माझा विरोध नाही, दोन तुकडे खातो. (हे आमच्या घरी सांगू नका.) पण आधी औक्षण, आजीच्या हातचं, निरांजन तेवढं त्याच्या मुठीपासून लांब धरा.

आता बँकवाला बोलतो. रिटर्न गिफ्ट सगळ्यांनी मिळून बंद करू. एकट्याने केलं तर तो कंजूष ठरतो. पाकिटात आलेले पैसे बाळाच्या नावावर टाका. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात किंवा बँकेत सुकन्या समृद्धी खातं निघतं, वर्षाला किमान २५० रुपये भरून. मुलासाठी पीपीएफ आहे, किमान ५०० रुपये. वाचलेल्या खर्चातून हे सहज भागतं.

आणि अध्यक्षसाहेब, एक विनंती. पाच वर्षांखालच्या मुलांच्या वाढदिवसाला हा हॉल संध्याकाळी दोन तास फक्त विजेच्या खर्चात द्यावा. मी तसा लेखी अर्ज आणलाच आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या. अनुमोदक म्हणून मागच्या रांगेतल्या तीन आज्यांच्या सह्या आहेत.