अंगावर काढलेले दुखणे



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला आजच्या विषयावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम त्यांना विचारले, “डॉक्टर मिळाले नाहीत काय?” ते म्हणाले, डॉक्टर पुष्कळ झाले, या वेळी कामगारांत वावरणारा माणूस हवा आहे. मी सातवीनंतर शाळा पाहिली नाही. पुढचे जे काही शिकलो ते मागावर, युनियनच्या कचेरीत आणि नगर वाचनालयात. तेव्हा औषधे कोणती घ्यावीत हे मी सांगणार नाही. दुखणे दाराशी आले आहे हे घरच्या माणसाला, शेजारच्या मागवाल्याला कसे कळावे, एवढ्यापुरतेच माझे बोलणे आहे. डॉक्टरांची गाठ पुढे पडते. पहिला अर्धा तास आपल्याच हाती असतो, आणि पुष्कळदा त्या अर्ध्या तासात सगळा निकाल लागून जातो.

कामगार संघटनेचा आणि दुखण्याचा संबंध काय, असे कोणास वाटेल. संबंध जुना आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांची पहिली संघटना १८८४ साली उभी करणारे नारायण मेघाजी लोखंडे १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करीत असता त्याच रोगाने गेले. त्याहून मागे जायचे तर इटलीत रामाझ्झिनी नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितले की, रोग्याला जे प्रश्न नेहमी विचारता त्यांत आणखी एकाची भर घाला : तुझा धंदा कोणता? तीनशेहून अधिक वर्षे लोटली, पण हा प्रश्न विचारणारे डॉक्टर आजही थोडेच भेटतात.

आपल्याकडे एक शब्दप्रयोग आहे, दुखणे अंगावर काढणे. तो आपण कौतुकाने वापरतो. “मोठा कष्टाळू, ताप अंगावर काढला पण एक खाडा केला नाही.” या कौतुकाच्या आड खाड्याची मजुरी असते. रोजावर काम करणाऱ्याला दवाखाना म्हणजे औषधाचा खर्च आणि वर बुडालेला रोज. राज्य कामगार विमा योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली, १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबईत आली. तिच्यात आजारपणाच्या दिवसांसाठी सुमारे सत्तर टक्के मजुरीची सोय वर्षाकाठी एक्याण्णव दिवसांपर्यंत आहे. पण यंत्रमागावरच्या, बांधकामावरच्या, ऊसतोडीच्या किती माणसांची नावे त्या पुस्तकात आहेत? ज्याचे नाव नाही तो अंगावरच काढणार. त्याला उपदेश करण्यात अर्थ नाही. कोणते दुखणे अंगावर काढले तर चालेल आणि कोणते क्षणभरही काढू नये, एवढे तरी त्याला ठाऊक असले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात रात्रपाळीला एक मागवाला वारला. वय अठ्ठेचाळीस. त्याची पत्नी नुकसानभरपाईसाठी आमच्या कचेरीत आली, आणि दावा करायचा म्हणून मी त्याच्या चार सोबत्यांचे जबाब लिहून घेतले. पहिला म्हणाला, रात्री दोनच्या सुमारास त्याचा सदरा घामाने चिंब होता, पंख्याखाली उभा होता. दुसरा म्हणाला, तो जबडा धरून बसला होता, मला वाटले दाढ दुखते. तिसऱ्याला त्याने सोडा आणावयास पाठविले होते, छातीत गॅस धरला आहे म्हणून. चौथा जॉबर. त्याने त्याला सुताच्या पेटीवर बसलेला पाहिला आणि “पाळी सुटायला दीड तास राहिला आहे, जमेल ना?” असे विचारले. तो “जमेल” म्हणाला. चौघे खोटे बोलत नव्हते, कोणी निर्दयही नव्हते. प्रत्येकाला एकेक खूण दिसली. चारही खुणा कागदावर एकाखाली एक लिहिल्या, तेव्हा ज्याने डॉक्टरकीचे एक पान वाचलेले नाही अशा माणसालाही कळावे की हा हृदयविकाराचा झटका होता. पण तो कागद लिहिला गेला सोळा दिवसांनी.

तेव्हा या खुणा एकत्र ध्यानात ठेवा. छातीच्या मधोमध दाब, कोणी तरी जाते ठेवल्यासारखा. तो डाव्या हाताकडे, कधी दोन्ही हातांकडे, मानेकडे, जबड्याकडे, पाठीकडे सरकतो. गार घाम, मळमळ, धाप. बसून विसावा घेतला तरी पंधरा-वीस मिनिटांत उतरत नाही. आपल्याकडे याचे पहिले नाव नेहमी ‘गॅस’ असते. ओवा, सोडा, हिंगाचे पाणी, पाठीला चोळणे, यांत तास जातो. गॅस असेल तर एका हृदयालेखाचा खर्च फुकट गेला, दुसरे काही नाही. आणि पहिला आलेख सरळ निघाला म्हणून निर्धास्त होऊन घरी येऊ नये. दुखणे चालू असेल तर काही वेळाने पुन्हा आलेख काढावा लागतो.

भगिनींना एक वेगळे सांगायचे आहे. बायकांत पुष्कळदा छातीतली कळ ठळक नसते. खांद्यांच्या मध्ये पाठ भरून येते, ओकारी होते, दोन पायऱ्या चढून धाप लागते, कधी नव्हे तो थकवा येतो. मधुमेही माणसाला तर कळ जवळजवळ नसूही शकते. घरातील बाई “मला जरा बरे वाटत नाही” असे म्हणून ओट्यापाशी भिंतीला टेकली, तर पोळ्या कोण करणार हा प्रश्न मागाहून विचारावा. अशा माणसाला चालवू नये, जिना उतरवू नये, दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये. त्याला टेकून बसवावे आणि १०८ ला फोन करावा. रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनची गोळी चघळावयास देतात. पण फोनवरच्या डॉक्टरांना विचारून, आणि ती गोळी सोसत नसल्याचे किंवा रक्तस्रावाचे दुखणे असल्याचे ठाऊक नसेल तरच.

आता दुसरा प्रकार. याला मी ‘प्यायलेला समजून टाकून दिलेला माणूस’ असे म्हणतो. रस्त्याकडेला कोणी झोकांड्या खात असेल, बरळत असेल, तर आपण नाकाला पदर लावून पुढे जातो. मुकादम त्याला फाटकाबाहेर काढतो. पण झोक जाणे आणि जीभ जड होणे ही दारूची मक्तेदारी नाही. तीन दुखणी अशी आहेत की ती बाहेरून थेट दारूसारखी दिसतात.

पहिले पक्षाघात. त्याला तीन गोष्टी करावयास सांगा : हसून दाखव, दोन्ही हात वर धर, एक साधे वाक्य म्हण. तोंड एका बाजूला ओघळले, एक हात खाली आला, शब्द अडखळले, यांतले एक जरी झाले तरी पक्षाघात समजून चालावे. एकाएकी एका डोळ्याने दिसेनासे होणे, तोल जाणे, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, याही त्याच्याच खुणा. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून शेवटचा तो नीट कधी दिसला होता, ती वेळ घड्याळ पाहून ध्यानात ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील. आणि येथे ॲस्पिरिनची गोळी घरी मुळीच देऊ नये. काही जणांत गुठळी नसते, रक्तवाहिनी फुटलेली असते, आणि ते सी. टी. स्कॅनशिवाय कोणालाही सांगता येत नाही. पाणीही पाजू नये, गिळता न आल्याने ते फुप्फुसात जाते. लकव्याला तेल लावणारे, अंगारा देणारे, कोंबडीचे रक्त चोळणारे आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. ते साडेचार तास नेमके त्यांच्या ओसरीवर संपतात.

दुसरे, मधुमेह्याच्या रक्तातील साखर उतरणे. इन्सुलिन किंवा गोळी घेतली, आणि जेवणाची सुट्टी चुकली. माणूस थरथरतो, घामाघूम होतो, चिडतो, भलतेच बोलतो. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर साखरेचे पाणी, गूळ, काहीही गोड लगेच द्यावे. दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर येतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना.

तिसरे उष्माघात. आपली व्याख्यानमाला वसंतातली असली तरी बाहेरचे ऊन ग्रीष्माचे आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर उन्हातल्या एका सरकारी समारंभानंतर चौदा माणसे दगावली. त्यांतली कोणी खाणीत काम करीत नव्हती, बसून भाषणे ऐकत होती. ऊन लागले की प्रथम पोटऱ्यांत गोळे येतात, डोके दुखते, मळमळते. तेवढ्यात सावलीत नेले, मीठ-साखरेचे पाणी दिले तर माणूस सावरतो. पण तो असंबद्ध बोलू लागला, अंग तापलेल्या तव्यासारखे झाले, फेपरे आले, तर तो उष्माघात. तेव्हा अंगातला ताप ४० अंश सेल्सियसच्या वर गेलेला असतो. घाम आटलाच पाहिजे असे नाही. राबणाऱ्या माणसाला उष्माघातातही घाम असतो, म्हणून ‘घाम आहे तर ऊन लागलेले नाही’ हे चुकीचे. गाडी येईपर्यंत थांबू नये. कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान, बगल, जांघ येथे बर्फ ठेवावा. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. खिशातल्या कांद्याबद्दल मी काही बोलत नाही, तो निदान भाकरीबरोबर खाता येतो.

आता आमच्या धंद्याच्या दुखण्याकडे वळतो. कापूस पिंजतात आणि विंचरतात त्या खात्यांत, म्हणजे ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये, हवेत बारीक तूस तरंगते. विणकाम खात्यात ते कमी, पण नाहीच असे नाही. तेथे वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते, खोकला येतो. मंगळवारी-बुधवारी बरे वाटते. इंग्रज गिरण्यांत याला ‘सोमवारचा ताप’ म्हणत. ज्या गावात सुट्टी शुक्रवारी असते तेथे हा सोमवार शनिवारी उगवतो. पुढे तो आठवडाभर मुक्काम ठोकतो, आणि मग छाती पूर्वपदावर येत नाही. यात एक गंमत पाहा. १० जून १८९० रोजी लोखंड्यांच्या चळवळीला यश येऊन मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली. ती सुट्टी आहे म्हणूनच हा रोग ओळखता येतो. सातही दिवस राबणाऱ्याच्या छातीला सोमवार कोठून कळणार?

हे दुखणे आणि क्षय यांची आमच्यात फार गफलत होते. क्षयाचा खोकला सुट्टी पाळीत नाही. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, उतरत जाणारे वजन, कफात रक्त, यांतले काहीही असले तर सरकारी केंद्रावर कफ तपासून घ्यावा. तपासणी आणि औषध दोन्ही विनामूल्य आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून खुराकासाठी महिना हजार रुपये मिळतात. पण धुळीच्या रोग्याला क्षयाची औषधे देऊन चालत नाही. त्याला खाते बदलून पाहिजे. हा रोग १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या यादीत होता, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेलाही व्यवसायजन्य रोगांची यादी जोडलेली आहे. म्हणून डॉक्टरांनी नुसते ‘दमा’ लिहून दिले तर तेवढ्यावर समाधान मानू नका. किती वर्षे, कोणत्या खात्यात, हे त्यांना लिहावयास लावा. त्या एका ओळीवाचून पुढचा दावा उभा राहत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

वेळ होत आला. दोन गोष्टी झटपट सांगतो. आपल्या शहरातून ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी कुटुंबे जमिनीवर निजतात. मण्यार रात्री चावते, कळ नसते, सूज नसते, दंशाची जागा सापडतही नाही. पहाटे पोट दुखते, ओकारी होते, मग पापण्या मिटू लागतात, आवंढा गिळता येत नाही. घरचे म्हणतात, झोप अनावर झाली आहे. ती झोप नव्हे. थोड्या वेळाने श्वास थांबतो. पापणी उचलत नसेल तर मांत्रिक नको, पट्टी आवळणे नको, चिरा देणे नको. प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे.

दुसरी गोष्ट लहान मुलाच्या खोकल्याची. छातीत कफ घरघरतो म्हणून घाबरण्यापेक्षा मूल शांत असताना सदरा वर करून मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाला साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतील बाळाला पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाला चाळीस किंवा अधिक असले, अथवा बरगड्यांखाली खळगा पडत असला, तर न्युमोनिया समजून त्याच घटकेला निघावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी फारसे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी मण्यांचे साधन केले, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्या बाया हे करू शकल्या. आपणांस तर घड्याळ आणि अंक दोन्ही येतात.

१०८ ला फोन लावल्यावर रडत बसू नका. प्रथम ठिकाण सांगा, जवळची खूण सांगा, मग काय दिसते आहे ते सांगा. फोन तिकडून ठेवेपर्यंत ठेवू नका. चौकात एक माणूस उभा करा, कारण आमच्या वस्त्यांत गाडीला बोळ सापडत नाही. घरात ज्या गोळ्या चालू असतील त्या चिठ्ठीसकट पिशवीत घाला. दुखणे केव्हा सुरू झाले ती वेळ हातावर लिहा. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी रोगी काय काम करतो, ते सांगूनच खोलीबाहेर या.