नागरिकांच्या चौकात जुम्मा



परदेशात काय पाहिलंस, त्यावर बोल, असं मला सांगण्यात आलंय. पाहिलं तसं फार नाही. कंपनीनं कामासाठी जून महिन्यात तीन आठवडे स्टॉकहोमला पाठवलं होतं. पण जूनमध्ये तिथं सूर्य रात्री दहानंतर मावळतो. ऑफिस पाचला सुटायचं आणि मगरिबला अजून पाच तास असायचे. त्या पाच तासांत मी रोज शहर पायी फिरलो.

हे शहर चौदा बेटांवर वसलंय. एका अंगाला मेलारेन नावाचं गोड्या पाण्याचं प्रचंड तळं, दुसऱ्या अंगाला बाल्टिक समुद्र. दोघांच्या मध्ये स्लुसेन, म्हणजे पाण्याचा दरवाजा. तळ्याची पातळी समुद्रापेक्षा जेमतेम पाऊण मीटर वर. शहर पाणी पितं ते मेलारेनचं आणि पोहतंही त्यातच. हे दुसरं मला आधी खरंच वाटेना. लोंगहोल्मेन नावाचं एक बेट आहे. १९७५पर्यंत तिथं तुरुंग होता. आता संध्याकाळी लोक येतात, सायकल झाडाला टेकवतात आणि सरळ पाण्यात उडी घेतात. मीही उतरलो. थंडीनं दात वाजायला लागले, दोन मिनिटांत बाहेर.

काठावर टॉवेल गुंडाळून बसलो आणि आठवली ती पंचगंगा. मी इचलकरंजीचा. अब्बा लहानपणी नदीत पोहायला शिकले, मला मात्र त्यांनी कधी पाण्यात पाय घालू दिला नाही. २०१२मध्ये गावात काविळीची साथ आली तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. सुट्टीत घरी आलो तर गॅसवर भाताआधी पाण्याचं पातेलं. त्यामुळे लोंगहोल्मेनला बसून मनात पहिला विचार आला तो असा, की ही माणसंच वेगळी, यांच्या रक्तातच स्वच्छता. आपल्याकडे हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय?

ते चूक आहे हे मला एका जहाजानं सांगितलं. वासा हे राजाचं युद्धजहाज १६२८मध्ये पहिल्याच सफरीत बंदरात बुडालं आणि १९६१मध्ये जवळजवळ अख्खं वर काढलं. आता त्याचं संग्रहालय आहे. लाकूड तीनशे वर्षं टिकलं कसं? एक कारण, बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड खाणारा किडा जगत नाही. दुसरं कारण वाचून मी तिथंच हसलो. बंदराचं पाणी शहराच्या घाणीनं इतकं खराब झालं होतं, की लाकूड कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांनाही ते मानवेना. रक्तात स्वच्छता असलेल्यांचं हे पाणी!

मग ते साफ कसं झालं? खर्च करून. हेन्रिक्सदाल नावाचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र १९४१पासून डोंगराच्या पोटात, खडक कोरून चालू आहे. पुढे सत्तरच्या दशकात सांडपाण्यातला फॉस्फरस काढायला सुरुवात झाली. इतकं कंटाळवाणं काम, की त्याचं पोस्टकार्ड कुणी छापत नाही.

आणि झाडं? कुंगस्त्रेदगोर्डेन म्हणजे राजाची बाग, शहराच्या अगदी मध्यावर. १९७१मध्ये महापालिकेनं ठरवलं, की मेट्रोच्या प्रवेशद्वारासाठी इथले तेरा एल्म वृक्ष पाडायचे. परवानगी होती, कागद पूर्ण होते. मे महिन्यातल्या एका रात्री करवती घेऊन माणसं आली, सोबत पोलीस, कुत्रे, घोडे. लोक झाडांवर चढून बसले. ढकलाढकली झाली, करवती खोडाला लागल्याही. शेवटी महापालिका मागे हटली आणि प्रवेशद्वार दुसरीकडे गेलं. त्यातली काही झाडं आज उभी आहेत, खाली चहाचं दुकान आहे. मी तिथं दोनदा चहा प्यायलो. (चहा बेताचाच.) लक्षात घ्या, लोक मेट्रोच्या विरोधात नव्हते. मेट्रो झालीच, ते स्टेशन १९७७मध्ये सुरू झालं.

गाड्यांवरच्या गर्दी-कराचंही तसंच. सुरुवातीला बहुतेकांचा विरोध. २००६मध्ये सात महिने करून पाहिलं, आमच्या भाषेत पायलट. कॅमेरे नंबरप्लेट वाचायचे आणि रहदारी साधारण पाचव्या हिश्श्यानं घटली. मग कर बंद केला आणि मतदान घेतलं. शहरानं होकार दिला, आजूबाजूच्या बऱ्याच नगरपालिकांनी नकार, आणि २००७पासून कर कायम झाला. २०१० साली युरोपची पहिली हरित राजधानी हा मान या शहराला मिळाला, तो इतक्या भांडणांनंतर.

जुम्म्याला मी मेडबोर्यारप्लात्सेनला जायचो. अर्थ सांगतो: नागरिकांचा चौक. तिथली मशीद म्हणजे फर्डिनांड बोबेरी या वास्तुकाराचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं वीजकेंद्र. बरीच वर्षं वाद चालून २०००मध्ये तिथं मशीद उघडली. जूनमध्ये रात्र पुरती काळी होतच नाही, तेव्हा इशा कधी पढायची यावर तिथं वुजूखान्यात दोन चाचांचा रंगलेला वाद मी ऐकला. भाषा कळली नाही, विषय कळला.

आता एक गोष्ट, जी कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकली नव्हती. एल्मखालच्या त्याच स्टेशनातून निळ्या लाइनची गाडी रिंकेबीला जाते. १९६५ ते ७४ या काळात स्वीडननं दहा लाख घरं बांधली, त्यातली ही वस्ती. आज तिथं बहुतेक घरं बाहेरून आलेल्यांची, सोमाली, तुर्की, अरब. मी एका रविवारी गेलो. झाडी भरपूर, जवळच मोठं मोकळं माळरान, नळाला तेच मेलारेनचं पाणी. पण गाडीत जसजशी स्टेशनं मागे पडत गेली तसतसे गोरे चेहरे उतरत गेले, आणि माझ्यासोबत रिंकेबीला उतरले ते सगळे आपल्यासारखे दिसणारे. फलाफल देणारा मुलगा अस्खलित स्वीडिश बोलत होता, जन्मही तिथलाच म्हणाला. नोकरीच्या अर्जावर नाव आणि पत्ता लिहिला की पुढे फोन येत नाही, असं त्यानं सांगितलं, आणि सॉस जास्त हवा का म्हणून विचारलं. मला मुंबईत फ्लॅट शोधण्याचे दिवस आठवले. नाव सांगितल्यावर एजंटचा आवाज कसा बदलतो, ते तुमच्यापैकी कित्येकांना माहीत आहे.

पाणी स्वच्छ करणं त्या शहराला जमलंय, आणि हे अजून जमलेलं नाही. मी दोन्ही पाहिलं, म्हणून दोन्ही सांगितलं.

वेळ संपत आलीय. इचलकरंजीचं कुणी इथं असेल तर चहाच्या वेळी मला जरूर भेटा, नदीबद्दल बोलायचंय.