उष्णतेचा प्रवास : अग्निशमन प्रशिक्षणार्थींसमोरील भाषण


मार्च २०१८ मध्ये तारापूर औद्योगिक वसाहतीतील स्फोटानंतर आग शेजारच्या कारखान्यांतही पसरली. ज्वाला भिडली नाही तरी उष्णता प्रारणाने पलीकडे पोहोचते, हे आपण शिकलाच आहात. रुग्णालयात आम्हांस तिच्या पुढच्या प्रवासाची चिंता अधिक. गणवेश घामाने भिजला की कापडातील हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेते. कोळगावच्या दमट हवेत घाम कोणास चुकला आहे? आगीतून बाहेर पडल्यावरही तापलेल्या त्वचेतील उष्णता आतल्या थरांकडे जातच राहते. म्हणून भाजलेला भाग तत्काळ २० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. जखम तपासण्यापूर्वी ती पुसून काढावी लागते, आणि त्या यातना रुग्णासच सोसाव्या लागतात.