घाटाच्या वरचा फ्रेडी आणि त्याचा 'बार्सिलोना'

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय आहे कॉन्सेप्ट अल्बम. म्हणजे सुट्या गाण्यांची मोळी नाही, तर सगळ्या गाण्यांतून एकच कल्पना पुढे नेणारा अल्बम. आपल्या पोलादपूरवाल्यांना हे नवीन नाही. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, आणि त्यांच्या पोवाड्याचा मधलाच एक चौक ऐकून कुणी उठत नाही.

आता घाट चढूया. आंबेनळीतून वर महाबळेश्वर, पुढे पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात फारूख बलसारा नावाचा पारशी मुलगा राहायचा. मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' हा बँड केला होता, त्यात तो पियानो वाजवायचा. हाच पुढे क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी.

1985 मध्ये त्याने 'मिस्टर बॅड गाय' हा पहिला सोलो अल्बम काढला. मला मात्र बोलायचंय 1988 च्या 'बार्सिलोना'बद्दल. काटेकोर बोलायचं तर तो एकट्याचा नाही, सोबत आहे स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात काबाये. त्यात सलग गोष्टही नाही. पण कल्पना पक्की आहे: रॉकचा आवाज आणि ऑपेराचा आवाज, दोघांना सारखाच मान. फ्रेडी तिचा जबरदस्त फॅन होता. मार्च 1987 मध्ये बार्सिलोनात दोघं भेटले, त्याने तिला आपल्या चालीची टेप ऐकवली. तीच चाल नव्या रूपात अल्बममध्ये 'एन्सुएन्यो' म्हणून येते. बहुतेक संगीत त्याने माइक मोरानसोबत बांधलं.

आता खरा मुद्दा. त्याच वर्षी त्याला एचआयव्हीचं निदान झालं. तेव्हा आजच्यासारखे उपचार नव्हते. हाताशी क्वीनचा हुकमी साचा होता, लोकांना तोच हवा होता. तरी हा माणूस अशा प्रांतात शिरला, जिथे समोरची बाई त्याच्यापेक्षा कितीतरी तयारीची होती. 24 नोव्हेंबर 1991 ला तो गेला. पुढच्याच वर्षी बार्सिलोना ऑलिम्पिकच्या निमित्ताने शीर्षकगीत पुन्हा गाजलं. ते बघायला तो नव्हता.

अल्बममध्ये उणं काय? मूळ रेकॉर्डिंगमध्ये ऑर्केस्ट्राचं बरंचसं काम सिंथेसायझरवर भागवलंय, ते आज जरा पातळ वाटतं. 2012 च्या आवृत्तीत दोघांचे आवाज तेच ठेवून मागे खरा ऑर्केस्ट्रा घातला. आमच्या कोडिंगच्या भाषेत, फ्रंटएंड तोच, बॅकएंड नवा. मी तर म्हणेन, आधी हीच ऐका.

आपल्याकडे गिटार घेऊन बसलेल्या पोराला लगेच ऐकवतात, "हे आपलं नाही रे, भजनात पेटी वाजव." अरे, पेटी वाजवावीच, मीही वाजवतो. पण पाचगणीत शिकलेला पारशी मुलगा लंडनला जाऊन रॉक गातो, आणि शेवटच्या काही वर्षांत ऑपेराच्या दारात शिकाऊ म्हणून उभा राहतो. मग 'आपलं' कोणतं, हे दुसऱ्याने का ठरवायचं?

तेव्हा एक करा. घाटात रेंज जाते, म्हणून अल्बम घरीच डाउनलोड करा. शफल बंद. पाऊण तासाच्या आत संपतो. पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐका, आणि कोणत्या गाण्याला थांबून पुन्हा मागे गेलात, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!