विद्यार्थ्यांची चित्रवाणी



कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी चित्रवाणीचे, म्हणजे टीव्हीचे, केंद्र स्वतः चालवावे असे आम्ही म्हणू लागलो की पहिला प्रश्न येतो : पोरांच्या हाती एवढी यंत्रे द्यायची कशी? या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार. नाटकाचे पडदे रंगविणारे. त्यांनी सिनेमाचा कॅमेरा घरीच घडविला. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी त्यांच्याच हाताखाली काम करता करता तयार झाली आणि १९२९ साली त्यांनी ‘प्रभात’ काढली. तेथे शिकणे आणि करणे यांत भिंत नव्हती.

‘प्रभात’ १९३३ साली पुण्यास आली. ती मिटल्यावर तिच्याच जागेत १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट उघडली, आणि १९७४ साली दिल्लीचा चित्रवाणी-प्रशिक्षण विभागही तेथे आला. दूरदर्शनच्या नोकरांची एक पिढी त्या विभागात शिकली. पण स्टुडिओ असणे निराळे आणि केंद्र असणे निराळे. सिनेमात चूक झाली तर पुन्हा चित्रण करता येते, कापाकापी करता येते. थेट प्रक्षेपणात तीन कॅमेऱ्यांची तीन चित्रे एकदम समोर येतात. त्यांतले कोणते दाखवायचे ते त्या क्षणीच ठरवावे लागते. ही घाई, हा घाम, वर्गात कसा शिकविणार? पलीकडे खरा प्रेक्षक बसलेला असल्याखेरीज तो अंगी येत नाही. पोहायला शिकविणारा काठावरून कितीही बोलला तरी एकदा पाण्यात ढकलावेच लागते.

मग अडते कोठे? यंत्रांपाशी नव्हे, कायद्यापाशी. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आकाशातील रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्या निकालाच्या न्यायमूर्तींत आपले पी. बी. सावंत होते, याचा आम्हांस अभिमान वाटतो. पुढे २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली लोकसंस्थांना लहान रेडिओ-केंद्रे काढण्याची मोकळीक मिळाली. माण तालुक्यातले म्हसवड आपल्याइतकेच तहानलेले गाव. तेथे माणदेशीच्या महिलांच्या संस्थेने २००८ साली आपला रेडिओ सुरू केला. चित्रवाणीला मात्र असे दार ठेवलेले नाही. उपग्रहावरून वाहिनी चालवायची तर कंपनी किंवा एलएलपी हवी आणि बातम्या नसल्या तरी किमान पाच कोटींची ऐपत दाखवावी लागते. बातम्या द्यायच्या तर वीस कोटींची! हा आकडा ऐकून कोणते कॉलेज उभे राहील?

हे अशक्य नव्हते, हे गुजरातेत दिसले आहे. १९७५ साली खेडा जिल्ह्यात पीज येथे एक लहानसे प्रक्षेपण-केंद्र उभे राहिले. गावकऱ्यांचे प्रश्न, गावकऱ्यांचीच बोली, काही वेळा पात्रेही गावातलीच. अहमदाबादच्या अवकाश-केंद्राने ते चालविले.

आता कोणी म्हणेल, प्रत्येक मुलाच्या खिशात मोबाईल आहे, तो वाटेल ते चित्र जगभर पाठवितो. केंद्र हवे कशाला? आमच्या मते केंद्र म्हणजे मनोरा नव्हे. ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि आज दाखविले त्याचा जाब पुढच्या आठवड्यात देणारे एक माणूस, एवढे असले की केंद्र झाले. मोबाईलवर चित्र टाकून मोकळे होणाऱ्याला जाब कोण विचारतो?

आणि जाब विचारण्यासारखे आपल्याकडे पुष्कळ आहे. पाऊस लांबला म्हणजे बाहेरचे कॅमेरे येतात, भेगाळलेली जमीन टिपतात, निघून जातात. ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडे परत आल्यावर त्यांच्या मुलांचे वर्ग कसे भरून निघतात, हे टिपायला कोणी थांबत नाही. २०२२ साली अहिल्यानगरहून नव्या आष्टीपर्यंत आगगाडी आली. तिने कोणाचा कोणता फेरा वाचविला, हे तिकीट काढणाऱ्यालाच विचारावे लागेल. ते इथला विद्यार्थीच विचारू शकतो, कारण त्याला दुसऱ्या दिवशी त्याच माणसासमोरून बाजारात जायचे असते.

तेव्हा परवान्याची वाट पाहात बसू नये. येथल्या कॉलेजातल्या पाचसहा मुलामुलींनी दर शनिवारी अर्ध्या तासाचा कार्यक्रम करावा आणि तो याच मंडपासारख्या ठिकाणी पडद्यावर दाखवावा. पहिले दोन-तीन कार्यक्रम वाईटच होतील. आवाज ऐकू येणार नाही, कोणाचे तरी डोके चौकटीबाहेर जाईल. बघायला मात्र आपण यायचे, आणि आवाज ऐकू आला नाही हे त्यांना तेथल्या तेथे सांगायचे.