छपरावर माती नको, भिंतीलगत वेल हवा
(मुरुड येथील नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



आपल्या गावोगावी जुने वाडे उतरवून सिमेंटची घरे उभी राहत आहेत. वस्तीच्या या नवीकरणात इमारतीवरील हिरवाईचा विचार शहरांतून आपल्यापर्यंत पोहोचला आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु मराठवाड्याने तो स्वतःच्या अनुभवाच्या कसोटीवर घासून घेतला पाहिजे.

छपरावरची माती आपल्याला नवी नाही. पूर्वजांनी लाकडी तुळयांवर मातीचे जाड थर देऊन माळवदे बांधली. ऐन वैशाखातही ती घरे थंड राहत. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून निजलेल्या किल्लारी-सास्तूर परिसरातील माणसांवर तीच माती आणि चिखलात रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या. सुमारे आठ हजार जीव गेले. ज्या छपराने गारवा दिला, तेच काळ ठरले.

म्हणून एक हिशेब ध्यानी ठेवावा. राबत्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला साधारण १५० किलो वापराचा भार धरण्याची पद्धत आहे. ओल्या मातीचा अवघा दहा सेंटिमीटरचा थर १८० किलोंच्या घरात जातो. अभियंत्याकडून तपासणी न करता गच्चीवर बाग फुलविणे म्हणजे माळवदच पुन्हा डोक्यावर घेणे होय.

मग करावे काय? हिरवाई भिंतीलगत चढवावी. पश्चिमेची भिंत दुपारनंतर सर्वाधिक तापते. तिच्यापासून वीतभर अंतर राखून बांबूचा अथवा तारेचा मांडव उभारावा आणि मधुमालतीसारखा चिवट वेल जमिनीत लावावा. भार जमिनीवर राहतो, पाने ऊन अडवितात, मधल्या पोकळीतून वारा खेळतो. मात्र भिंतीच्या भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप वेळीच काढून जमिनीत लावावे. त्याची मुळे बांधकाम फोडतात.

राहिला प्रश्न पाण्याचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा वेलाला न्हाणीचे पाणीच द्यावे. पिण्याच्या पाण्याचा थेंबही त्यासाठी खर्चू नये.

आणि शेवटची विनंती. नवे घर बांधताना अंगणातला जुना कडुनिंब तोडू नका. त्याने दिलेली सावली नव्या रोपापासून मिळायला आणखी एक पिढी जावी लागेल.