दात निवडताना म्हैसूरचा रस्ताही मोजा



कर्नाटकातला एच. डी. कोटे तालुका म्हटला की डोळ्यांपुढे बीचनहळ्ळीचे कबिनी धरण येते, नागरहोळेचे जंगल येते, जेनु कुरुबांच्या वाड्या येतात आणि व्हर्जिनिया तंबाखूची शेतेही येतात. म्हैसूर इथून सुमारे ५० किलोमीटर. दंत महाविद्यालय तिथे, कृत्रिम दात घडवणाऱ्या मोठ्या लॅब तिथे. इम्प्लांटवर कोणता दात बसवायचा, या प्रश्नाच्या उत्तरात हे अंतर धरावेच लागते.

स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये संशोधक ब्रोनमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. ते चाळीस वर्षे टिकले. हाड टायटॅनियमला धरून ठेवते का, हा प्रश्न त्यातून सुटला. वरचा दात कसा असावा, हा वाद मात्र अजून चालू आहे.

एकाच दाताचा विचार करू. इम्प्लांटवरची दाताची टोपी सिमेंटने चिकटवायची की स्क्रूने आवळायची? सिमेंटची टोपी दिसायला सुबक, स्क्रूचे भोक दिसत नाही, इम्प्लांट थोडे तिरके बसले तरी निभावते. पण हिरडीखाली सांडलेले सिमेंट काढणे अवघड. संशोधक विल्सन यांनी २००९ मध्ये हिरडीखाली एंडोस्कोप घालून पाहिले, तेव्हा इम्प्लांटभोवती आजार दिसलेल्या ८१ टक्के ठिकाणी सिमेंटचे अवशेष सापडले. स्क्रूची टोपी सैल झाली तर भोकातले फिलिंग काढून पुन्हा आवळता येते. सिमेंटची बहुधा तोडावी लागते. लांबून येणाऱ्या रुग्णासाठी कौल स्क्रूकडेच जातो.

साहित्याचे गणितही असेच. मागच्या दाढांना झिर्कोनिया भक्कम पडते. धातूवर चढवलेल्या पोर्सेलिनचा टवका उडू शकतो, पण ते काम बहुतेक लॅबना अंगवळणी पडलेले असते. साहित्य कोणतेही असो, चावा जपावाच लागतो. नैसर्गिक दाताला मुळाभोवती गादीसारखे तंतू असतात, चावताना तो किंचित दबतो. इम्प्लांट हाडात घट्ट रुतलेले, त्यामुळे ते जवळजवळ दबतच नाही. म्हणून चावा तपासताना हलक्या दाबावर आणि जोरात आवळून, असे दोन्ही वेळा पाहावे लागते. ही पाच मिनिटांची तपासणी सुटली की सैल स्क्रू आणि उडालेले टवके ठरलेलेच.

आता सगळे दात गेलेला रुग्ण. २००२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हीच पहिली निवड मानावी, असे मत दिले. चार इम्प्लांटवरचा पक्का पूल जाहिरातीत अधिक दिसतो, खर्चही अधिक. अडकणारी कवळी रोज काढून घासता येते. तिचे नायलॉनचे पकड-तुकडे झिजले तर स्थानिक दवाखान्यातही बदलता येतात. मात्र तिला उभी जागा लागते, हाडापासून चावण्याच्या पातळीपर्यंत साधारण १२ मिलिमीटर. जागा कमी असेल तर कवळी पातळ होते आणि मोडते. म्हणूनच दात आधी ठरवायचा, इम्प्लांटची जागा मागाहून.

तंबाखूचा मुद्दा टाळता येणार नाही. धूम्रपानाने इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. जिथे हे पीक उभे आहे, तिथे ही चौकशी तोंड उघडण्याआधी व्हायला हवी.

१९८४ साली स्थापन झालेल्या स्वामी विवेकानंद युथ मूव्हमेंट या संस्थेने याच तालुक्यात उपचार वाड्यांपर्यंत नेले. दंतवैद्यांना एवढे तरी जमावे: प्रत्येक रुग्णाच्या हाती कन्नडमध्ये लिहिलेले एक कार्ड द्या. त्यावर इम्प्लांटची कंपनी, व्यास, स्क्रूचा प्रकार, टोपी कशी धरली आहे आणि पुढची तपासणी कधी, हे सगळे असावे. म्हणजे दुरुस्तीची वेळ आली तर कोट्यातला दंतवैद्यही योग्य पेचकस उचलू शकेल. आपल्या या दंतवैद्यक परिषदेचा एकच ठराव करायचा असेल, तर तो या कार्डाचा करा.